सेंद्रा–फुलाद पट्ट्यातल्या खडकांचं वय: नमुना किती, झिरकॉन कसे काढायचे आणि ‘टक्कर’ कशावरून म्हणायची?

वलीकरण (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी राजस्थानातल्या अरवलीची पश्चिम बाजू घेतली आहे. ब्यावरच्या पुढे सेंद्रा, बर आणि तिथून नैऋत्येला फुलाद असा छेद. म्हणजे दक्षिण दिल्ली वलीपट्टा आणि त्याच्या कडेचा फुलाद शिअर झोन (खडक एकमेकांवर घासत सरकलेला पट्टा). चार खडक आणायचे ठरलेत: सेंद्र्याकडचा फोलिएशन (चेपल्याने आलेली पानांसारखी समांतर रचना) असलेला ग्रॅनाइट, अ‍ॅम्फिबोलाइट (बेसाल्टसारख्या खडकाचं रूपांतर), दिल्ली महासंघाचा क्वार्टझाइट (वाळूच्या थराचं रूपांतर) आणि शिअर झोनजवळचा गार्नेट-मायका शिस्ट. प्रत्येकी एक-दीड किलो आणायचा विचार आहे.

पेपरांत सेंद्रा ग्रॅनाइटचं वय ९७० दशलक्ष वर्षांच्या आसपास दिसतं, एरिनपुरा ग्रॅनाइटचं साधारण ८७० ते ८००, आणि शिअर झोनमधल्या मोनाझाइटचं (थोरियम-युरेनियम असलेलं, वय काढायला चालणारं खनिज) ८२०–८१०. रुबिडियम-स्ट्रॉन्शियमचे जुने आकडे बरेच पसरलेले आहेत.

लेझर आयसीपी-एमएसवर (लेझरने कणावर खड्डा पाडून त्यातली समस्थानिकं मोजणारं यंत्र) मला एकूण १५० बिंदू मिळणार. प्रश्न असे:

१) नमुना किती किलो आणि कुठला भाग? अ‍ॅम्फिबोलाइटमधून झिरकॉन (युरेनियम धरून ठेवणारं खनिज, यावरूनच वय काढतात) मिळतील का?
२) एकाच ग्रॅनाइटात १००० ते ८२० दशलक्ष अशी सलग वयं आली तर कुठलं धरायचं?
३) १००० दशलक्षच्या सुमाराची घटना ही सबडक्शनची (एक भूपट्ट दुसऱ्याखाली जाण्याची) की खंडांच्या टकरीची, हे कशावरून म्हणता येईल?

---

कातळकडा

आधी एक महत्त्वाचं. सेंद्र्याचा ग्रॅनाइट आणि बरचं काँग्लोमरेट ही दोन्ही जाहीर झालेली राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकं आहेत. तिथे बघा, फोटो काढा, फोलिएशन मोजा, पण हातोडा पिशवीतच ठेवा. त्याच ग्रॅनाइटचा ताजा दगड रस्त्याच्या कटिंगला किंवा चालू खाणीत मिळतो आणि तो स्मारकावरच्या झिजलेल्या दगडापेक्षा कितीतरी चांगला असतो. पुढे दक्षिणेला टॉडगढ-रावली आणि कुंभलगढ अभयारण्यांच्या हद्दी लागतात. तिथे वन खात्याची लेखी परवानगी आधी काढून ठेवा.

एक-दीड किलो कमी पडेल. ग्रॅनाइट २ ते ३ किलो, क्वार्टझाइट ३ ते ५ किलो धरा. अ‍ॅम्फिबोलाइटला १० किलोसुद्धा रिकामे जाऊ शकतात. आपल्याकडे सह्याद्रीच्या बेसाल्टचं जे दुखणं आहे तेच इथे आहे: बेसाल्टच्या रसात सिलिका कमी आणि झिर्कोनियम विरघळवण्याची ताकद जास्त, त्यामुळे झिरकॉनचा स्फटिक धरतच नाही. दख्खनच्या प्रवाहांचं युरेनियम-शिसं वय काढतानासुद्धा झिरकॉन मिळवले ते प्रवाहांच्या मधल्या लाल बोल थरांतल्या राखेतून. तेव्हा बारीक दाण्याच्या अ‍ॅम्फिबोलाइटवर वेळ घालवू नका. त्याच पट्ट्यात जाड दाण्याचा मेटागॅब्रो किंवा त्यातले पांढरट, प्लॅजिओक्लेज-क्वार्ट्झचे शेवटी गोठलेले खिसे शोधा. झिरकॉन त्यांत असतात.

पाचवा नमुना मात्र जरूर घ्या: फोलिएशनला आडवी कापून जाणारी, स्वतः न चेपलेली अ‍ॅप्लाइट किंवा पेग्मटाइटची शीर. चेपलेला ग्रॅनाइट ९७० चा निघाला आणि त्याला कापणारी शीर समजा ८०० ची, तर विरूपण या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी झालं. नुसत्या ग्रॅनाइटच्या वयावरून विरूपण कधीचं ते कळत नाही, फक्त ते त्यानंतरचं एवढंच कळतं. म्हणूनच ग्रॅनाइटच्या नमुन्यात अशी शीर चुकून आली असेल तर ती करवतीने कापून बाजूला काढायची. दोन वयांचं मिश्रण दळलं की पुढे कुठलंच यंत्र ते वेगळं करून देत नाही.

दळणाचा क्रम असा ठेवा: झिरकॉन कमी असलेला खडक आधी, जास्त असलेला शेवटी. म्हणजे अ‍ॅम्फिबोलाइट, शिस्ट, ग्रॅनाइट आणि सगळ्यात शेवटी क्वार्टझाइट. जॉ क्रशरच्या फटीत अडकलेला क्वार्टझाइटचा एक कण अ‍ॅम्फिबोलाइटमध्ये गेला तर ‘अ‍ॅम्फिबोलाइटात २५०० दशलक्ष वर्षांचा वारसा’ असा शोध लागतो. दोन नमुन्यांच्या मध्ये पोलादी ब्रश, दाबाची हवा आणि स्वच्छ काचमण्याचा एक फेरा. चाळणीला तारेच्या जाळीऐवजी नायलॉनचं कापड वापरा आणि प्रत्येक नमुन्यानंतर फेकून द्या.

एका दमात बारीक पूड करू नका. डिस्क मिलची फट मोठी ठेवून दळा, २५० मायक्रॉनच्या चाळणीतून जे जाईल ते बाजूला काढा, वर राहिलेलं पुन्हा दळा. एकदम बारीक केलं की लांब सुईसारखे झिरकॉन तुटतात, आणि ग्रॅनाइटात नेमके तेच सगळ्यात उपयोगाचे असतात. मग बादलीत पाणी घालून ढवळा, गढूळ पाणी ओता, पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करा. विल्फ्ली टेबल (जड-हलके कण वेगळे करणारं हलतं टेबल) असेल तर उत्तम, नसेल तर पाटीने धुतलं तरी चालतं. ६० अंशांच्या आसपास वाळवा.

वाळल्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला हातचुंबक फिरवून मॅग्नेटाइट आणि क्रशरचा लोखंडी कीस काढा. मग फ्रान्ट्झ (चुंबकीय विभाजक): पुढचा उतार १५ ते २०, बाजूचा १० ते १५ अंश, विद्युतप्रवाह ०.३ अँपिअरपासून सुरू करून ०.६, १.० असा चढवत १.५ पर्यंत. ०.५ ते ०.८ च्या दरम्यान जे निघतं त्यात मोनाझाइट असतो. शिस्टच्या बाबतीत ती पुडी जिवापाड जपा.

जड द्रवात ब्रोमोफॉर्म (घनता २.८९) क्वार्ट्झ-फेल्डस्पार तरंगवतो. त्यात बुडालेलं मिथिलीन आयोडाइडमध्ये (३.३) घातलं की अ‍ॅपेटाइट वर आणि झिरकॉन खाली. दोन्ही विषारी, फ्यूम हूडशिवाय बाटली उघडायची नाही. सोडियम पॉलिटंगस्टेट त्या मानाने सुरक्षित, पण ते फक्त डिस्टिल्ड पाण्यातच पातळ करायचं. नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन पांढरा साका बसतो आणि महागडा द्रव वाया जातो.

ग्रॅनाइटचे ६० ते १०० कण सूक्ष्मदर्शकाखाली हाताने वेचा. क्वार्टझाइटचे वेचू नका, ओता. हाताने वेचताना डोळा मोठे, स्वच्छ, सुंदर कण उचलतो आणि वयांचं प्रमाण बिघडतं. त्याच कारणाने क्वार्टझाइटला फ्रान्ट्झच्या बारीक पायऱ्याही देऊ नयेत, कारण युरेनियम जास्त असलेले, जाळी मोडलेले झिरकॉन थोडे चुंबकीय होतात आणि आधीच निघून जातात. रेझिनच्या माउंटवर (कण बसवून घासायची चकती) आकाराप्रमाणे ओळी लावा. लहान-मोठे कण शेजारी लावले तर लहान उघडे पडेपर्यंत मोठे निम्म्याच्या खाली घासले जातात.

---

कॉन्कॉर्डिया

वरचं सगळं मान्य. मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण या पट्ट्यात खरी गोची तिथेच होते.

आधी कॅथोडोल्युमिनेसन्स (इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने कण चमकवून काढलेली प्रतिमा), मग लेझर. प्रतिमा न बघता मारलेला बिंदू वाया गेला असं समजा. गाभ्यात तलम लहरी पट्टे आणि बाहेर एकसारखी करडी किंवा काळी कड दिसली, तर गाभा रसातून स्फटिकला आणि कड बहुधा रूपांतरणात वाढली. थोरियम-युरेनियम गुणोत्तर ०.१ च्या खाली असेल तर त्या अर्थाला पुष्टी मिळते, पण नुसत्या त्या आकड्यावर निकाल देऊ नका. लेझरचा बिंदू २५–३० मायक्रॉनचा असला तरी खड्डा १५–२० मायक्रॉन खोल जातो. वरून कडेवर मारलेला किरण खाली गाभ्यात शिरतो. म्हणून प्रत्येक बिंदूचा वेळेनुसारचा सिग्नल उघडून बघा. मध्येच गुणोत्तर पायरी चढलं तर तेवढाच सपाट भाग धरा. कड १५ मायक्रॉनहून बारीक असेल तर लेझरचा नाद सोडा आणि आयन प्रोबकडे जा. दिल्लीच्या आययूएसीमध्ये (आंतर-विद्यापीठ प्रवेगक केंद्र) राष्ट्रीय भूकालमापन सुविधेत तसं यंत्र आहे.

मानकं (आधीच माहीत वयाचे झिरकॉन): मुख्य मानक म्हणून ९१५०० (साधारण १०६५ दशलक्ष) तुमच्या वयांच्या जवळचं पडतं. दुसरं मानक म्हणून प्लेशोविस (३३७) किंवा जीजे-१ (सुमारे ६००) ठेवा आणि ते अज्ञात नमुना असल्यासारखं मोजा. दर ८–१० बिंदूंनंतर मानकांची जोडी. दुसऱ्या मानकाचं वय १–२ टक्क्यांत बसलं नाही तर त्या दिवसाचा सगळा डेटा संशयित. २०४ वस्तुमानावर आर्गॉनमधला पारा येऊन बसतो, त्यामुळे सामान्य शिशाची (क्षयातून न बनलेल्या शिशाची) दुरुस्ती डोळे मिटून लावू नका.

आता ‘१००० ते ८२० सलग’ या प्रकाराकडे. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य ४४६.८ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं ७०.४ कोटी. पहिल्याचं शिसं-२०६ बनतं, दुसऱ्याचं शिसं-२०७. दोन घड्याळं जुळली की आपण त्या वयाला सुसंगत म्हणतो. पण १००० आणि ८२० च्या मध्ये कॉन्कॉर्डियाचा वक्र (दोन्ही घड्याळं जुळणाऱ्या बिंदूंची रेषा) जवळजवळ सरळ असतो. एक उदाहरण आकड्यांत मांडतो.

१००० दशलक्ष वर्षांपूर्वी स्फटिकलेला झिरकॉन. त्याने ८२० ला रूपांतरणात साठलेल्यातलं ३० टक्के शिसं गमावलं. शुद्ध १००० ला शिसं-२०६/युरेनियम-२३८ हे ०.१६७८ असतं, ८२० ला ०.१३५७. आपल्या कणात ते ०.१५८१ भरेल, म्हणजे वय ९४६. शिसं-२०७/युरेनियम-२३५ चं गणित करा: १.५४७, म्हणजे वय ९४९. फरक तीन दशलक्ष वर्षांचा! यंत्राच्या चुकीत तो पार बुडून जातो. तक्त्यात हा कण ९९ टक्क्यांच्या वर ‘सुसंगत’ दिसेल, आणि ९४७ ला प्रत्यक्षात तिथे काहीही घडलेलं नाही.

शिसं-२०७/२०६ ने सुटका होईल असं वाटतं, पण या वयाला नाही. १००० ला ते ०.०७२५, ८२० ला ०.०६६५. यात १ टक्का चूक झाली की वय २०–२२ दशलक्षने हलतं. २०६/२३८ मध्ये तीच चूक फक्त ९–१० दशलक्षची. म्हणून साधारण १२०० ते १५०० च्या खालच्या वयांना २०६/२३८ आणि वरच्यांना २०७/२०६ असा रिवाज आहे. कुठला आकडा आणि कुठल्या मर्यादेपासून ते प्रबंधात एकदाच लिहून टाका आणि मग नमुन्यागणिक बदलू नका.

तर सलग पसरलेल्या वयांची सरासरी काढू नका. वय विरुद्ध युरेनियमचं प्रमाण असा आलेख काढा. युरेनियम वाढेल तसं वय उतरत असेल, विशेषतः १००० पीपीएमच्या पुढे, तर ती शिशाची गळती आहे. युरेनियम कमी आणि पट्टे स्वच्छ असलेल्या गाभ्यांचा वरचा घोळका स्फटिकीकरणाचं वय देईल. कडांचा खालचा घोळका रूपांतरणाचं. मधले कण तक्त्यात ठेवा, निष्कर्षात नकोत. घोळक्याची भारित सरासरी काढली की एमएसडब्ल्यूडी (बिंदूंचा विखुरलेपणा त्यांच्या चुकीच्या मानाने किती, तो आकडा) बघायचा. १५ बिंदूंना तो १.७५ च्या वर गेला तर तो एकच घोळका नाही. अशा वेळी बिंदू गाळत गाळत आकडा १ वर आणतात, आणि परीक्षक अनुभवी असला तर पहिला प्रश्न तिथेच विचारतो.

प्रयोगशाळेला भट्टी असेल तर निम्मे कण ९०० अंशांना ४८–६० तास तापवून, हायड्रोफ्लोरिक आम्लात थोडे खरवडून मग माउंट करा. जाळी मोडलेला, शिसं गळालेला भाग आधीच विरघळून जातो. दोन निम्म्यांची वयं शेजारी ठेवली की गळती होती की नाही ते सरळ दिसतं.

१७०० च्या आसपासचे एकटे-दुकटे गाभे आले तर घाबरू नका. पूर्वेकडच्या सँडमाटाच्या ग्रॅन्युलाइटांचं वय साधारण तेवढंच आहे. रसाने वितळवलेल्या जुन्या कवचातले कण न विरघळता राहिलेत. तो ग्रॅनाइटचा जन्म नाही, वडिलोपार्जित माल आहे.

रुबिडियम-स्ट्रॉन्शियमच्या जुन्या आकड्यांबद्दल: संपूर्ण खडकाची समकालरेषा (जिच्या उतारावरून वय काढतात ती) द्रवपदार्थ फिरले की हलते, आणि दोन रसांच्या मिश्रणानेही खोटी सरळ रेषा येते. त्यातून जुने पेपर १.४२ हा क्षयांक (क्षयाचा दर) वापरतात. २०१५ मध्ये शिफारस झालेला १.३९७२ आहे (दोन्ही गुणिले १० चा उणे ११ वा घात, प्रतिवर्ष). निव्वळ एवढ्यानेच जुनं वय १.६ टक्क्याने वाढतं. ८३० चं साधारण ८४४ होतं. तुलना करण्याआधी ही दुरुस्ती करा.

---

नाइस_आहे

तिसरा प्रश्न राहिला. ‘वय’ आणि ‘उगम’ ही दोन वेगळी कामं आहेत आणि १५० बिंदूंनी दुसरं होत नाही, हे आधी मार्गदर्शकांना सांगून ठेवा.

बहुतेक प्रबंधांत रुबिडियम विरुद्ध इट्रियम+नियोबियम हा पिअर्सचा १९८४ चा आलेख काढतात, ठिपके ‘ज्वालामुखी कमान’ (सबडक्शनवर उभी राहणारी ज्वालामुखींची रांग) चौकटीत पडतात आणि प्रकरण संपतं. त्या चौकटीत जुन्या कमानीचा खडक वितळून झालेला ग्रॅनाइटसुद्धा पडतो. रस आपल्या मूळ खडकाची सही घेऊन येतो. टक्कर होऊन ५ कोटी वर्षं झाली तरी सही कमानीचीच राहते. शिवाय फोलिएशन आणि शिअर असलेल्या खडकात रुबिडियम जागेवर राहिलेलं असतं यावर माझा अजिबात विश्वास नाही. बेसिक खडकांना थोरियम/इटर्बियम विरुद्ध नियोबियम/इटर्बियम वापरा. तिन्हींपैकी कुठलंच त्या रूपांतरणात सहज हलत नाही.

पूड करताना टंगस्टन कार्बाइडचं भांडं नको. त्यातून टंगस्टन, कोबाल्ट, टँटलम आणि थोडं नियोबियम नमुन्यात येतं, आणि तुम्हाला कमानीची खूण म्हणून शोधायची आहे ती नियोबियमची तूटच. अगेटचं भांडं घ्या. विरघळवताना उघड्या बीकरमध्ये आम्लं घातली तर झिरकॉन तसेच तळाशी राहतात. झिर्कोनियम, हाफ्नियम आणि जड दुर्मिळ मृदा धातू कमी भरतात आणि आलेख आपोआप सरकतो. पडताळा सोपा आहे: त्याच पुडीचं झिर्कोनियम एक्सआरएफने (क्ष-किरणांनी, न विरघळवता) काढा आणि आयसीपी-एमएसच्या आकड्याशी ताडा. जुळलं नाही तर लिथियम मेटाबोरेटने वितळवून पुन्हा करा.

कमान की टक्कर, हे निवडायला माझ्या मते असे पुरावे लागतात. झिरकॉनमधला हाफ्नियम: ज्या बिंदूचं वय काढलं त्याच पट्ट्यात ४०–५० मायक्रॉनचा दुसरा बिंदू मारून काढतात. डेहराडूनच्या वाडिया संस्थेत त्यासाठी लागणारं मल्टिकलेक्टर यंत्र आहे. १००० च्या सुमाराच्या झिरकॉनांत एप्सिलॉन-हाफ्नियम (हाफ्नियमच्या समस्थानिकांच्या गुणोत्तराचा प्रमाणित आकडा) ठळक धन आलं तर रस प्रावरणातून नव्याने आलेला, म्हणजे कमानीच्या किंवा कमानीमागच्या खोऱ्याच्या बाजूने कौल. ठळक ऋण आलं तर जुनं कवच वितळलं. सोबत गॅब्रोपासून ग्रॅनाइटपर्यंत सलग मालिका आहे का ते बघा. रणकपूरच्या डायोराइटसारखे साधारण त्याच वयाचे मधल्या रचनेचे खडक या पट्ट्यात आहेत, त्यांना सोडू नका. फुलादच्या बाजूच्या बेसिक-अल्ट्राबेसिक खडकांना सर्रास ऑफिओलाइट (जमिनीवर चढलेला जुन्या महासागरी तळाचा तुकडा) म्हणतात, पण पाठ्यपुस्तकातला क्रम, प्रावरणापासून उशी-लाव्हापर्यंत, तिथे एका जागी सलग दिसत नाही. ‘ऑफिओलाइट असल्याने महासागर होता’ हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण ते पुरावा म्हणून नव्हे, तपासायची कल्पना म्हणून लिहा.

टकरीची खूण रसायनात कमी आणि दाब-तापमानात जास्त असते. कवच जाड झालं तर शिस्टमधल्या गार्नेटच्या गाभ्यापासून कडेपर्यंत दाब चढून मग उतरलेला दिसेल. आणि टक्कर म्हणजे दोन बाजू लागतात. इथे कातळकडांशी मी थोडा वाद घालतो. एकाच क्वार्टझाइटवर सगळे बिंदू घालू नका. शिअर झोनच्या पूर्वेचा एक आणि पश्चिमेचा एक असे दोन घ्या, प्रत्येकी ६० कण. मेवाडच्या (पूर्वेच्या) बाजूची ओळख ठरलेली आहे: झामरकोट्र्याच्या नाइसचे ३३००, बेडच ग्रॅनाइटचे २५००, मग १७००. हे तीन गट पश्चिमेच्या गाळात कुठल्या वयाच्या खडकापासून दिसू लागतात, ते कळलं की दोन भूखंड शेजारी कधी आले याचा अंदाज बांधता येतो.

---

कातळकडा

@नाइस_आहे, वाद मंजूर, पण ६० ची मर्यादा सांगून टाकू या. ६० कण मोजले तर ५ टक्के वाटा असलेला एक ठरावीक गट सुटण्याची शक्यता ५ टक्क्यांहून किंचित कमी. पण ‘५ टक्क्यांचा कुठलाच गट सुटलेला नाही’ असं म्हणायचं असेल तर ११७ लागतात. म्हणजे ६० कणांत २५०० चा गट *दिसला* तर लिहा. *दिसला नाही* म्हणून ‘मेवाडचा गाळ आलाच नाही’ असं लिहू नका. या हिशेबाने १२० बिंदू दोन क्वार्टझाइटांना जातात आणि ग्रॅनाइट व शिरेला मिळून ३० उरतात. मला ते ओढाताणीचं वाटतं. शीर आणि ग्रॅनाइटला २५–२५ ठेवून उरलेले १०० वाटावेत, किंवा बिंदू वाढवून मागावेत.

---

वलीकरण

खूप उपयोग झाला, धन्यवाद. शिस्टच्या मोनाझाइटचं काय करू? आणि प्रस्तावनेत ‘अरवली पर्वत १०० कोटी वर्षांपूर्वी उभा राहिला’ असं वाक्य आहे, ते चालेल का?

---

कॉन्कॉर्डिया

ते वाक्य काढा. त्यात तीन वेगळी वयं एकात कोंबलीत: रस गोठल्याचं, खडक चेपल्याचं आणि डोंगर वर आल्याचं.

झिरकॉन पहिलं सांगतो. मोनाझाइट आणि गार्नेट दुसरं. खडक थंड होत वर कधी आला ते खालच्या तापमानाला बंद होणारी घड्याळं सांगतात: आर्गॉन-आर्गॉनमध्ये हॉर्नब्लेंड साधारण ५००–५५० अंशांना, मस्कोव्हाइट ४०० च्या आसपास, बायोटाइट ३०० ला, आणि अ‍ॅपेटाइटच्या फिशन खुणा ११० अंशांच्या सुमारास. आज दिसणाऱ्या कण्याची उंची, गुरुशिखरचे १७२२ मीटर धरून, ही त्याहूनही वेगळी गोष्ट आहे. ९७० च्या वयावरून तिच्याबद्दल एक अक्षरही लिहिता येत नाही.

विरूपण कधीच्या आधी संपलं याची मर्यादा हवी असेल तर पश्चिमेला जोधपूरला जा. मेहरानगडाच्या पायथ्याशी मालाणीच्या ज्वालामुखी खडकांवर जोधपूरचा वालुकाश्म जवळजवळ आडवा बसलेला आहे. मालाणी साधारण ७७० ते ७५० दशलक्ष वर्षांचं. तेही फुलादसारखं चेपलेलं नाही, आणि वरचा वालुकाश्म तर नाहीच. म्हणजे त्या बाजूचं मोठं वलीकरण मालाणीच्या आधी उरकलेलं होतं, आणि वालुकाश्म साचण्याआधी तो सगळा प्रदेश झिजून सपाट झाला होता. तोही संपर्क राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, तेव्हा तिथेही फक्त वही आणि क्लायनोमीटर.

मोनाझाइटला इलेक्ट्रॉन प्रोब (इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) स्वस्त आणि योग्य. थोरियम, युरेनियम आणि एकूण शिसं मोजून वय काढतात. मोनाझाइटात सामान्य शिसं नगण्य असतं, म्हणून समस्थानिक वेगळे न करता चालतं. पण शिशाच्या रेषेवर इट्रियमची आणि युरेनियमच्या रेषेवर थोरियमची रेषा चढते. ती दुरुस्ती केली नाही तर वय मोठ्या फरकाने चुकतं. आधी इट्रियमचा नकाशा काढा, मग बिंदू. गार्नेटच्या पोटात अडकलेला मोनाझाइट आणि बाहेर फोलिएशनमध्ये लोळलेला मोनाझाइट वेगवेगळे मोजा. पोटातला ९७० आणि बाहेरचा ८२० निघाला तर तुमच्या प्रबंधाचा अर्धा निकाल त्या एका पातळ छेदात आहे. म्हणूनच मोनाझाइट दळून वेगळा काढण्याऐवजी शक्यतो छेदातच मोजावा. आणि छेद पॉलिश करणाऱ्याला विचारा, शिशाची चकती तर वापरत नाहीत ना? भेगांत घुसलेलं चकतीचं शिसं प्रोबला वयच वाटतं.

---

वलीकरण

एक शेवटचं. फ्रान्ट्झमधून निघालेली मोनाझाइटची पुडी झिरकॉनच्याच माउंटवर लावू का? एका माउंटचा खर्च वाचेल.

---

कातळकडा

नको. झिरकॉनची कठीणता ७.५, मोनाझाइटची ५ च्या आसपास. एकत्र घासले की झिरकॉन उंच राहतात, मोनाझाइट खड्ड्यात जातात आणि प्रोबला सपाट पृष्ठभाग मिळत नाही. दोन माउंट करा. पुडीतलं सगळं लावू नका, थोडं राखून ठेवा.